गुरगुट्या भात

बालपणीं खाल्लेल्या पदार्थांची आठवण निघाली म्हणजे आमच्या वयाच्या पुरुषांची वाणी विशेष रसाळ होते. आम्हीहि त्यास अपवाद नव्हतों. चार मंडळी जमलीं कीं कोकणांतील आमच्या घरचा गुरगुट्या भात, त्यावरील लोणकढें तूप आणि मेतकूट यांचें वर्णन आम्ही अशा तन्मयतेनें करीत असूं कीं, तो भात आम्हींच शिजविला असावा असें ऐकणारास वाटे. वास्तविक वयाची साठी उलटेपर्यंत आम्हीं तो एकदांहि शिजविला नव्हता.

आमच्या वैद्यकग्रंथांत पातळ भाताचे प्रकार मोठ्या बारकाईनें सांगितले आहेत. शितें मुळींच नसलेला तो मंड; थोडीं शितें असलेली ती पेया; पुष्कळ शितें असलेली ती यवागू; आणि जींत द्रवांश थोडाच राहतो ती विलेपी. शोधनकर्मानंतर रोग्याचा मंदावलेला अग्नि हळूहळू वाढावा म्हणून आधीं पेया, मग विलेपी असा क्रमहि सांगितला आहे. आपला गुरगुट्या भात याच कुळांतला. हें सर्व आम्हीं वर्गांत अनेकदां मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें.

गेल्या पावसाळ्यांत आमची पत्नी आठ दिवस तापानें अंथरुणावर होती. मुलगा व सून नोकरीनिमित्त परगांवीं. ताप उतरल्यावर ती क्षीण आवाजांत म्हणाली, "थोडा गुरगुट्या भात मिळाला तर खाईन." विलेपीची व्याख्या आम्हांस मुखोद्गत होती, तांदूळ कोणत्या डब्यांत आहेत हें मात्र ठाऊक नव्हतें!

पहिल्या दिवशीं आम्हीं कुकरमध्यें नेहमींसारखा भात करून त्यांत गार पाणी ओतलें व पळीनें ढवळलें. गोळे एकीकडे आणि पाणी एकीकडे असा तो प्रकार झाला. तिनें निमूटपणें दोन घांस खाल्ले आणि विचारलें, "अहो, पाणी गार घातलंत ना? आधणाचं घालायचं असतं. आणि घाई करून तो होत नाही."

दुसऱ्या दिवशीं तिनें अंथरुणावरून सांगावें आणि आम्हीं करावें, असा पाठ सुरू झाला. एक वाटी जुने तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवले. जाड बुडाच्या पातेल्यांत सहा वाट्या पाणी उकळून त्यांत ते वैरले, मीठ घातलें आणि आंच मंद केली. मंद आंचेवर तांदळांतील पिठूळ अंश गरम पाण्यांत हळूहळू फुगतो आणि सुटतो; त्यानेंच भात मिळून येतो. मधून मधून ढवळावें, आटलें तर कढत पाणीच घालावें. भात गुरगुर आवाज करूं लागला तेव्हां या नांवाचा अर्थ आम्हांस प्रथमच उमगला. पाऊण तास आम्ही तेथून हललों नाहीं.

त्या पाऊण तासांत आईची मूर्ति डोळ्यांपुढें आली. आम्ही पांच भावंडें. चुलीवर दूध, वैलावर भाताचें पातेलें. आम्ही उठण्यापूर्वींच तिचें हें सर्व सुरू झालेलें असे. मेतकूटहि तीच करी. हरभऱ्याची व उडदाची डाळ, तांदूळ, गहूं, धने, जिरें, मोहरी, मेथी हें सारें निरनिराळें भाजावें लागतें, कारण प्रत्येकाची आंच वेगळी. मेथी जरा अधिक भाजली कीं सगळें कडू होतें. मग हळद, हिंग, सुंठ घालून जात्यावर दळावयाचें. आम्हांस वाढून झाल्यावर ती बुडाशीं लागलेली खरवड काढून घेई आणि म्हणे, "मला हीच आवडते." आम्हीं तें खरें मानलें. त्या दिवशीं आमच्या पातेल्याची खरवड आम्हीं खाऊन पाहिली. ती कडवट लागली. आईला ती खरोखर आवडतहि असेल. पण पातेल्यांत भात उरला आहे कीं नाहीं, हें आम्हीं कधीं डोकावून पाहिलें नाहीं, आणि आतां विचारण्याची सोय नाहीं.

भात वाढला, तूप घातलें, मेतकूट घातलें आणि कडेला लिंबाचें लोणचें ठेवलें. ती हंसून म्हणाली, "लोणचं नको. मला ते कधीच आवडलं नाही. ते तुमच्यासाठी असतं. मला नुसतं तूप-मीठ आवडतं." संसारास एकोणचाळीस वर्षें झालीं, आणि ही एवढीशी गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती!

तिनें ताटलीभर भात संपविला आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. आम्हांस आजवर मिळालेल्या कोणत्याहि प्रशस्तिपत्रापेक्षां तो आनंद अधिक होता.

आमच्या समवयस्क वाचकबंधूंस एकच विनंती आहे. बालपणींच्या पदार्थाचें वर्णन खुशाल करावें. परंतु तो सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर एकदां स्वतः शिजवून पाहावा, आणि वाढतांना त्या माणसास काय आवडतें तेंहि विचारून घ्यावें. आमच्या घरीं आतां दर रविवारीं सकाळीं गुरगुट्या भात आम्ही करतों. एका ताटांत लोणचें असतें, दुसऱ्यांत नसतें.