हाडाचा मांडव

मुंबई-पुणें रस्ता चौकाशेजारून जात असल्यामुळें अपघाताची वार्ता आमच्या गांवास नवी नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाची नडगी अशाच अपघातांत फुटली आणि मधला सुमारें 5 सेंटिमीटर हाडाचा तुकडा नाहींसा झाला. ‘मूलपेशी टोंचल्या कीं हाड उगवेल’ असें कोणीसें सांगितल्यावरून बाप भाताचें शेत विकावयास निघाला, व छापील कागद दाखविण्यास आमच्या ओटीवर आला.

साधें मोडलेलें हाड आपोआप सांधतें. सुश्रुतानें वड, उंबर, पिंपळ यांच्या सालींच्या कुशा बांधावयास सांगितल्या, त्या हाड हलूं नये एवढ्यासाठींच. पण अंतर मोठें पडलें कीं निसर्ग हात टेकतो. तेथें हाड घडविणाऱ्या पेशी हव्यात, रक्त हवें, आणि पेशींना धरून राहण्यास आधार हवा. दुधीचा वेल मांडवाशिवाय चढतो काय? हा मांडव सच्छिद्र असावा व हाड भरतां भरतां स्वतः विरून जावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. अनुया निसळ यांनीं रेशमाच्या प्रथिनापासून असा आधार घडविला आहे. पेशी मिळतात मज्जेंतून. आयुर्वेदांत अस्थीपासून मज्जा होते. येथें उलटा प्रवास!

घाट चढून गेलें कीं लोणावळ्यास रीग्रो बायोसायन्सेस ही संस्था रोग्याच्याच मज्जेंतून हाड घडविणाऱ्या पेशी वाढविते. 2017 सालीं तिला औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. परंतु ती खुब्याचें हाड रक्ताअभावीं मरूं लागतें त्या रोगासाठीं, नडगीच्या खिंडारासाठीं नव्हे. त्याच वर्षींच्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या नियमांप्रमाणें रक्ताचे कांहीं विकार वगळतां मूलपेशींचा उपचार मान्य प्रयोगाबाहेर करणें गैर आहे. बापाच्या हातांतील कागदावर ना परवानगीचा उल्लेख, ना प्रयोगाचा. रक्कम मात्र ठळक.

आम्हीं त्यास अस्थितज्ज्ञाकडे धाडलें. त्यांनीं रशियन वैद्य इलिझारोव्ह यांच्या पद्धतीनें पायाला कडीं बसविलीं. चांगलें हाड कापून रोज एक मिलिमीटर सरकवावयाचें. मागें राहिलेल्या फटींत शरीर स्वतःच नवें हाड घालतें. पन्नास दिवस सरकण्यास, आणि तें घट्ट होण्यास कितीतरी महिने. तारांपाशीं पू होई, रात्रीं ठणका लागे. आई रोज जखमा स्वच्छ करी. सोपें कांहींच नव्हतें.

शेत राहिलें. परवां तो मुलगा काठी टेकीत आमच्या पायऱ्या चढून आला, बापाचे ते कागद परत न्यावयास.