लाल सरबत बदनाम, चहा मोकळा

मगरीबची अजान झाली की आधी खजूर तोंडात जातो आणि मागोमाग गुलाबाच्या सरबताचा लाल ग्लास. रोजा सोडण्याची ही रीत आता मोहल्ल्याबाहेरच्या मित्रांनाही पाठ झाली आहे. हल्ली मात्र दस्तरखानावर एखादा तरी असा असतो, जो तो ग्लास हळूच बाजूला सारतो. "परवाच पुढचा दात भरलाय, रंग चढेल." तोच माणूस तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज आटोपली की नाक्यावर गप्पा मारत तीन कप चहा संपवतो.

भीती खरी आहे, ती फक्त चुकीच्या पेल्याला चिकटली आहे.

पूर्वी दात भरायचा म्हणजे चांदीचं सिमेंट. त्यात पारा असायचा. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी 2013 मध्ये जो मिनामाता करार झाला, त्यात या सिमेंटचाही समावेश होता. आता बहुतेकांना दाताच्या रंगाचंच भरण हवं असतं. त्याला कंपोझिट म्हणतात. अमेरिकेतले संशोधक राफेल बोवेन यांनी 1962 मध्ये त्याच्या मुख्य रसायनाचं पेटंट घेतलं. काचेसारखे अतिशय बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, अशी त्याची बांधणी असते. डॉक्टर निळा दिवा धरतात तेव्हा हे रेझिन घट्ट होतं.

गोम या रेझिनमध्येच आहे. ते थोडं थोडं पाणी शोषतं आणि त्या पाण्याबरोबर रंगही आत जातो. चहातला टॅनिन मुख्यतः वरच्या थरावर बसतो, त्यामुळे त्याचा बराचसा डाग घासून किंवा पॉलिश करून निघतो. कॉफीचे पिवळे रंगकण मात्र रेझिनच्या आत शिरतात, ते घासून जात नाहीत. कोलाची गोष्ट वेगळी. चहा-कॉफीच्या मानाने तो कमी रंगवतो. पण तो आंबट असतो, आणि रोज पीत राहिलं तर पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो. खरखरीत भरणावर पुढचा रंग लवकर धरतो. लिंबू सरबत आणि कोकमही आंबटच. इफ्तारच्या रश्श्यातली हळद तर यांच्याही पुढे, पण तिला कोणी दोष देत नाही.

लाल सरबत अगदीच निर्दोष आहे असं नाही. पण ते दोन घोटांत संपतं आणि त्यामागे पाणी प्यायलं जातं. चहा रात्रभर थोडा थोडा चालू असतो, आणि रंग किती वेळ टेकून राहिला यावर डाग ठरतो.

रमजानमध्ये आणखी एक अडचण येते. तोंडात मारलेलं पाणी घशात जाईल या धास्तीने अनेक रोजेदार दाताचं काम इफ्तारनंतरच करून घेतात. दिवा बंद झाला तरी कंपोझिट पुढचे काही तास आतून घट्ट होत असतं, म्हणून पहिले एक-दोन दिवस रंगीत पेयं टाळायला सांगतात. आणि दात भरून बाहेर पडणाऱ्यासमोर नेमकी चहाचीच वेळ असते! तेवढ्या दोन रात्री साधं पाणी किंवा दूध प्यावं.

सहरीचं तर अधिकच. शेवटचा कप पिऊन माणूस रोजा धरतो, मग दिवसभर तोंड कोरडं आणि लाळही कमी. म्हणून फजरच्या अजानआधी दोन मिनिटं काढून खळखळून चूळ भरावी आणि हलक्या हाताने ब्रश करावा. काही आंबट घेतलं असेल तर चूळ लगेच भरावी, पण ब्रश अर्ध्या तासाने. तेवढा वेळ हाताशी असेल अशा बेताने आंबट आधीच संपवावं. दिवसा वुजू करताना चूळ भरली जातेच; रोजात ती बेताने भरायची असते, तरी तिचाही उपयोग होतो.

ईद जवळ आली की दुसरी चूक होते. दात पांढरे करण्याचं जेल लावलं जातं. त्याने खरा दात उजळतो, कंपोझिट मात्र उजळत नाही, आणि मग दोघांतला फरक आणखी उठून दिसतो. दात उजळायचेच असतील तर ते आधी करावं, साधारण दोन आठवडे थांबावं आणि मग त्या रंगाचं भरण घ्यावं. जुनं भरण फक्त वरवर पिवळं पडलं असेल, तर बऱ्याचदा पॉलिशने काम भागतं. नवं भरण घालायला लागतंच असं नाही.

"डॉक्टरांनी हलकं मटेरियल भरलं," अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. कधी ती खरीही असेल. पण रंग सगळीकडे सारखा चढला असेल तर आधी चहाचे कप मोजावेत. भरणाच्या कडेने बारीक काळी रेघ दिसली तर मात्र चहावर ढकलून मोकळं होऊ नये. तो नुसता डाग असू शकतो, किंवा कड सुटून आत कीड शिरलेली असू शकते. आरशात पाहून ते कळत नाही. ईदचा शीरखुर्मा पोटात जाण्याआधी डॉक्टरांना तो दात दाखवलेला बरा.