इक्वलायझर आणि सभेतला शब्द

‘साठ’ आणि ‘आठ’ या दोन शब्दांत फरक किती? एका ‘स’चा. सभेत पगारवाढीचा मसुदा वाचला जात असता मागच्या रांगेतल्या माणसाला तो ‘स’ पोहोचला नाही, तर आपण कशाला हात वर करीत आहोत हे त्याचे त्यालाही कळायचे नाही. मी या यंत्राच्या नादी लागलो तो या कारणाने, संगीताच्या षोकाने नव्हे. म्हणून आज बोलायचे ते भाषणाच्या आवाजाविषयी.

आवाज म्हणजे हवेची कंपने. दर सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने निरोगी तरुण कानाला ऐकू येतात. त्यांना हर्ट्झ म्हणतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा, बाईचा त्याहून वरचा. भाषणाचा दणका ‘आ’, ‘ओ’ अशा स्वरांत असतो आणि तो बहुतांशी १,००० हर्ट्झच्या खाली राहतो. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनांनी, आणि त्यांचा पुष्कळसा भाग २,००० च्या वर असतो. ‘स’ तर ४,००० च्याही वर जातो, आणि शक्तीने अगदी दुबळा. म्हणूनच दणका भरपूर आणि शब्द एक नाही, अशा सभा होतात.

इक्वलायझर हे नाव टेलिफोनकडून आले. लांबच्या तारेत वरची कंपने खालच्यांपेक्षा अधिक क्षीण होत. त्यांना पुन्हा बरोबरीस आणणारी जोडणी ती इक्वलायझर. पुढे १९५२ साली पीटर बॅक्झंडॉल या इंग्रज अभियंत्याने खर्ज आणि तार यांसाठी दोन बटणांची एक सोपी जोडणी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केली व ती घरोघरच्या यंत्रांत गेली. सभागृहात दिसतो तो ग्राफिक इक्वलायझर: दर सप्तकाला तीन याप्रमाणे ३१ पट्ट्या, प्रत्येक आपापल्या भागापुरती वरखाली होणारी.

आता तो वापरावा कसा? लग्नमंडपातला माइकवाला दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर आणि मधल्या खाली ठेवतो. हसऱ्या तोंडासारखी रचना. गाण्याला ती खुलते म्हणतात. भाषणाचा मात्र ती जीव घेते, कारण शब्द राहतात मध्येच. पहिला नियम असा, की वाढविण्याआधी कमी करावे. एखादा भाग ६ डेसिबलने उचलला की त्या भागाला चौपट शक्ती लागते. यंत्र तेवढी देऊ शकले नाही की आवाज फाटतो. १०० च्या खालचा भाग तर सरळ उतरवून टाकावा. तिथे वाऱ्याची घरघर आणि टेबलावरच्या थापा, याखेरीज आपल्या उपयोगाचे फारसे काही नसते. वक्ता माइक ओठांशी धरतो तेव्हा खर्ज फुगतो. २०० ते ३०० च्या पट्ट्या थोड्या उतरविल्या की घुमा निवळतो. आणि भोंगे लावले असतील तर खर्ज चढविण्याचा हट्ट मुळीच करू नये. भोंगा तो देत नाही, उलट आतला पडदा फाटतो.

माइक शिटी मारतो तेव्हा कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकात शिरून फिरत राहिलेला असतो. सभेआधी, लोक यायच्या आत, आवाज हळूहळू चढवावा. पहिली शिटी ज्या भागात वाजेल तेवढीच पट्टी तीन-चार डेसिबल खाली घ्यावी. कोणता भाग, हे आजकाल खिशातला मोबाइलही दाखवितो. तरी पट्ट्यांवर विसंबण्याआधी कर्णे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून आहेत ना, हे पाहावे.

पत्र्याच्या शेडमधला प्रतिध्वनी या यंत्राने जात नाही. उगाच पट्ट्यांशी झटापट करू नये. मागच्या रांगांजवळ दुसरा कर्णा लावावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा ३४ मीटर मागचा कर्णा सेकंदाच्या एक-दशांशाने उशिरा बोलला पाहिजे, नाहीतर एकच वाक्य दोनदा ऐकू येईल.

राहता राहिला कान. वर्षानुवर्षे मागांच्या किंवा प्रेसच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचा कान बहुधा प्रथम ४,००० च्या आसपास अधू होतो. तो म्हणतो, “आवाज येतो हो, शब्द कळत नाही.” व्यवस्थापकांना हे सोंग वाटते. नुसता आवाज वाढवून त्याला काही मिळत नाही; स्वरच अधिक ठोठावतात. अशा सभेत २,००० ते ४,००० चा भाग दोन-तीन डेसिबल उचलण्यास हरकत नाही, शिटीवर लक्ष ठेवून. ज्याचा कान फारच गेला आहे त्याला तेवढ्यानेही पुरत नाही. त्याच्यासाठी आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा, आणि मतदान त्यानंतर घ्यावे.