पाळतो म्हणालास ना?

बालमित्रांनो, ‘आई, आपण कुत्रा पाळूया ना!’ असा हट्ट तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? हात वर करा पाहू! आणि ‘आधी स्वतःचं दप्तर नीट भर, मग कुत्र्याचं बघू,’ हे उत्तर किती जणांना मिळालंय? बघा, एकही हात खाली आला नाही!

मीही तुमच्यातलाच. सहावीत होतो तेव्हा आम्ही साताऱ्याला राहत होतो. पावसाळ्याचे दिवस होते. शाळेतून येताना पिठाच्या गिरणीच्या आडोशाला एक पिल्लू कुडकुडत बसलेलं दिसलं. तांबूस रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याला रेनकोटात गुंडाळून मी थेट घरी आणलं. आई दारातच उभी होती. तिनं पिल्लाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “त्याचं खाणंपिणं, फिरवणं, घाण काढणं, सगळं तू करायचं. पाळशील?”

“पाळीन!” मी एका दमात सांगून टाकलं.

आल्या आल्या त्यानं आजीची जपाची गोमुखी पळवली, म्हणून आजीनंच त्याचं नाव ठेवलं – बंड्या!

बंड्यामुळे घराला जी मजा आली ती काय सांगू! संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटायची. मी गल्लीच्या तोंडाशी आलो की हा फाटकाशी उड्या मारायला लागायचा. गणितात पस्तीस पडलेले असोत की पंच्याण्णव, त्याचं स्वागत तेवढंच दणक्यात. घरातला एकमेव प्राणी, ज्यानं माझं प्रगतिपुस्तक कधी पाहायला मागितलं नाही! (एकदा त्याची कड चावली, ती गोष्ट वेगळी.) कमी बोलणारे आमचे बाबासुद्धा त्याच्याशी गप्पा मारायचे.

पण दोस्तांनो, पहिले काही महिने उत्साहात गेले आणि मग मला कंटाळा आला. थंडीत पहाटे उठून त्याला फिरवायचं जिवावर यायला लागलं. “आई, आजच्या दिवस तू ने ना!” असं करता करता त्या ‘आजच्या दिवसाचे’ पंधरा दिवस झाले.

मग मे महिना आला. गच्चीवर आईचं वाळवण सुरू झालं. कुरडयांचा चीक म्हणजे बंड्याचा जीव की प्राण! म्हणून त्याला परसात बांधून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी दहा वाजता मी त्याला लिंबाच्या झाडाला बांधलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि क्रिकेट खेळायला धूम ठोकली. तेव्हा तिथं छान सावली होती. पण सावली काय एका जागी बसून राहते?

दोन वाजता घरी आलो तर परसात आजी बंड्याच्या अंगावर पाणी ओतत होती. भांडं उपडं पडलं होतं. साखळी झाडाला गुंडाळून गुंडाळून वीतभर उरली होती. बंड्या आडवा पडून धापा टाकत होता, तोंडातून लाळ गळत होती. रिक्षात घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उपचार केले आणि मग मला समजावलं, “कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग थंड ठेवतो. कडक उन्हात तेवढ्यानं भागत नाही. अजून थोडा वेळ गेला असता तर हा वाचला नसता.”

मी बंड्याजवळ गेलो. मला वाटलं, आता हा माझ्यावर गुरगुरणार. पण मला पाहून त्यानं पडल्या पडल्याच शेपटी हलवली. एकदा, दोनदा. मला रडूच फुटलं.

त्या रात्री मला कुणी रागावलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, “पाळतो म्हणालास ना? वेळ पाळतात, शब्द पाळतात, तसंच जनावर पाळतात. जमणार नसेल तर त्याच्यासाठी दुसरं चांगलं घर शोधू. पण मग ‘माझा बंड्या’ म्हणायचं नाही.”

तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की हा सगळा एकच शब्द आहे! दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला मी उठायला लागलो. कुणी उठवायची गरज पडली नाही. आपण उठलो नाही तर कुणीतरी दाराशी ताटकळत बसेल, हे एकदा कळलं की गजर लागत नाही.

पुढे कॉलेजसाठी मी पुण्याला गेलो. महिन्याभरानं आईचं पोस्टकार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, ‘पाच वाजले की बंड्या अजून फाटकाशी जाऊन बसतो. त्याला कसं सांगायचं?’

जपानमधल्या हाचिकोची गोष्ट वाचली तेव्हा मला ते पोस्टकार्ड आठवलं. हाचिको हा अकिता जातीचा कुत्रा, जन्म १९२३ सालचा. त्याचे मालक हिदेसाबुरो उएनो हे टोकियोच्या विद्यापीठात शेतीशास्त्राचे प्राध्यापक होते. हाचिको त्यांना आणायला शिबुया स्टेशनवर जायचा. मे १९२५ मध्ये प्राध्यापकांना विद्यापीठातच मृत्यू आला. ते परत आलेच नाहीत. हाचिको मात्र जवळजवळ दहा वर्षं स्टेशनवर येत राहिला, थेट ८ मार्च १९३५ रोजी त्याचा मृत्यू होईपर्यंत. सुरुवातीला लोक त्याला हुसकावत. पुढे वर्तमानपत्रात त्याची हकिगत छापून आली आणि १९३४ साली, तो जिवंत असतानाच, त्याचा पुतळा उभा राहिला. महायुद्धाच्या काळात धातूसाठी तो पुतळा वितळवला गेला. १९४८ मध्ये नवा उभारला. आजही शिबुयाला भेटायचं ठरलं की लोक ‘हाचिकोपाशी भेटू’ म्हणतात.

म्हणजे पाहा, आपण म्हणतो आपण कुत्रा पाळतो. खरं तर शब्द पाळायचं काम तोच आपल्यापेक्षा चोख करतो!

तुमच्याही घरी पाहुणा आणायचा विचार असेल तर काही गोष्टी आधी घरात बसून ठरवा. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो. म्हणजे आज तुम्ही पाचवीत असाल तर तो तुमच्या कॉलेजपर्यंत सोबत असणार. परीक्षेच्या दिवसांत त्याला कोण फिरवणार? गावाला जाताना कुणाकडे ठेवणार? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्यायची आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता टोचायची. चॉकलेट, कांदा, लसूण त्याला विषासारखे असतात, लाडानंही देऊ नका. आणि कोणताही कुत्रा, मांजर चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी घरी लपवू नका! जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, मिरची असलं काही लावायचं नाही.

आणखी एक. पाळणं म्हणजे पकडून ठेवणं नव्हे. आपला हिरवा मिठू पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्याची जागा झाडावर. फ्लॅटमध्ये प्राणी ठेवता येत नसेल तर हिरमुसू नका. गॅलरीत पाण्याचं एक भांडं ठेवा आणि रोज न विसरता ते धुऊन भरा. बघा, चिमण्या-बुलबुल तुमची वेळ पाळायला लागतात की नाही!

पालकांनो, मूल ‘पाळीन’ म्हणेल तेव्हा त्याला थोडी मदत करा. पण त्याचं सगळं काम स्वतःच्या अंगावर घेऊ नका. चुकू द्या, फक्त त्या चुकीत मुक्या जिवाचं नुकसान होणार नाही एवढं लक्ष ठेवा. आमच्या घरी ते लक्ष आजीनं ठेवलं.

बंड्या बारा वर्षं जगला. शेवटच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा त्याला नीट दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. मी फाटक उघडलं. तो उठू शकला नाही. त्यानं पडल्या पडल्याच शेपटी हलवली. एकदा, दोनदा. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.