थंडीच्या तोंडावर युरिया नको
(ऊस विकास अधिकाऱ्यांकडून)



जांब्याच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास फेरी मारताना एका सभासदांचा सुरू ऊस पाहिला. पान काळेभोर हिरवे, वाढे छातीएवढे. मालक खुशीत होते. म्हणाले, "साहेब, पाऊस उघडला तसा एकरी दोन पोती युरिया फेकला. बघा कसा उठलाय!" खिशातला रिफ्रॅक्टोमीटर काढला. बुडखाच्या कांडीचा रस बरा होता, शेंड्याकडचा मात्र नुसते गुळमट पाणी. तोडणी पुढे ढकलावी लागली.

आपल्याकडे असे का होते, तेही समजून घेतले पाहिजे. मुळशी-मावळात आषाढ-श्रावणात रानात पाय ठरत नाही. राहिलेला हप्ता मग पाऊस उघडल्यावर दिला जातो. तोवर उसाचे जेवणाचे दिवस संपून साठवणीचे दिवस आलेले असतात.

ऊस हे शेवटी गवतच. हिंजवडीच्या कंपन्यांपुढची हिरवळ आणि आपला ऊस एकाच कुळातले. थंड मुलखात, जिथे बर्फ पडते तिथे, हिरवळ राखणारे लोक कडक थंडी येण्याआधी नत्राचा हात आखडतात. कारण नत्र मिळाले की गवत नवे पान काढते आणि त्यासाठी बुडाशी साठवलेली साखर खर्च करते. पेशी लुसलुशीत, पाणीदार होतात आणि पहिल्या गोठणाऱ्या थंडीत मार खातात. अंगात साखर साठलेले गवतच हिवाळा काढते. अर्थात नत्राची उपासमार झालेले गवतही टिकत नाही. पालाश मात्र थंडी सोसायला मदत करते.

आपल्याकडे ऊस सहसा गोठत नाही, ते दुखणे उत्तरेकडचे. पण हिशोब तोच. पारा २० अंशांखाली उतरू लागला की वाढ मंदावते आणि पानात तयार झालेली साखर कांडीत मुरते. थंडी ही आपली फुकटची मजूर आहे म्हणा ना! नेमके तेव्हा युरिया दिला तर ऊस साखर साठवायची सोडून पाने काढत बसतो. पाणकोंब फुटतात, ऊस लोळतो, रसाची शुद्धता घसरते. वजन थोडे वाढते, हे मी नाकारत नाही. पण २०२५-२६ हंगामाचा केंद्राचा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये, म्हणजे टनाला साडेचौतीस रुपयांहून जास्त. उतारा सगळ्या कारखान्याचा एकत्र धरतात. एकाच्या रानातले उशिराचे पोते शेजाऱ्याच्या बिलातही उतरते.

सुरू उसाला नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी सुमारे १०० किलो. निमकोटेड युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र, तेव्हा सारे युरियातून द्यायचे म्हटले तर एकरी पाच पोती. लागणीला अर्धे, सहा ते आठ आठवड्यांनी दोन, बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धे आणि मोठ्या बांधणीला उरलेली दोन. डीएपी किंवा मिश्रखत वापरले असेल तर त्यातले नत्र वजा करा. हे वजा करणे बहुतेकजण विसरतात! जानेवारीच्या लागणीची बांधणी जूनच्या पहिल्या पावसाआधी उरकली तर शेवटची दोन पोतीही वेळेवर पडतात. बांधणीला पालाशही चुकवू नका.

आणि ज्यांची बांधणी पावसात सापडली, त्यांनी ऑक्टोबरात ती भरपाई करू नये. राहिलेले पोते खोडव्यासाठी ठेवा. पाला पिवळसर दिसला म्हणून घाबरू नका, पक्व होणारा ऊस तसाच दिसतो. शंका असेल तर गट कार्यालयात निरोप ठेवा. तोडणीआधी रानात येऊन बुडखा आणि शेंडा दोन्हीकडचा ब्रिक्स मोजून देऊ.