जीर्ण वर्त्मशोथ : एक याप्य व्याधी आणि त्याचा सांभाळ

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे आणि भीमेपलीकडील दौंड तालुका हा ऊस, कांदा व गुऱ्हाळांचा मुलूख आहे. पाचटाची धूळ, गुऱ्हाळाचा धूर आणि उन्हाळ्यातील कोरडा वारा यांत दिवसभर वावरणाऱ्या माणसाच्या पापण्यांची कड लाल राहणे, खाजणे, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटणे व वरचेवर रांजणवाडी उठणे या तक्रारी अशा भागातील वैद्याला नव्या नाहीत. नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये प्राचीनांनी स्वेद, रज व धूम यांची गणना केली आहे, तिचा प्रत्यय येथे येतो. अशा रुग्णाचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘वैद्यराज, हे कायमचे जाईल ना?’ या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर पुढील चिकित्सेचे यश अवलंबून असते.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी 76 नेत्ररोग वर्णिले असून त्यांपैकी 21 वर्त्मगत व 9 संधिगत आहेत. आजच्या ब्लेफरायटिसची तुलना सामान्यतः संधिगत रोगांतील क्रिमिग्रंथीशी केली जाते. वर्त्म आणि पक्ष्म यांच्या संधीत कंडू व ग्रंथी हे त्याचे लक्षण ध्यानात घेता ही तुलना स्वाभाविक आहे. परंतु ती पूर्ण मानल्यास एक अडचण उद्भवते. सुश्रुतांनी क्रिमिग्रंथीचा समावेश भेद्य व्याधींत केला आहे. भेदन करून रोग संपवावा, असा तेथील आशय आहे. प्रत्यक्षात दिसणारा जीर्ण वर्त्मशोथ मात्र महिनोन्महिने शांत राहून पुन्हा उफाळतो. क्लिन्नवर्त्म, पक्ष्मशात, लगण, अंजननामिका यांची लक्षणे एकाच रुग्णात वेगवेगळ्या वेळी आढळतात. म्हणून नामसाम्यावरून साध्यत्व ठरवू नये. व्यवहारात हा व्याधी याप्य समजावा. याप्य व्याधीत चिकित्सा ही पडू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूसारखी असते. टेकू काढला की घर ढासळते.

आधुनिक शास्त्राचे मत याच दिशेचे आहे. पापणीच्या कडेवर तैलस्राव करणाऱ्या ग्रंथींचे वर्णन मायबोमियस याने 1666 मध्ये केले. या ग्रंथींतील स्नेह घट्ट होऊन मुखे बुजली की अश्रू लवकर सुकतात, डोळा चुरचुरतो व ग्रंथी सुजतात. केसांच्या मुळांशी जंतू, कोंडा अथवा डेमोडेक्स नामक सूक्ष्म कीटक असल्यास कडेवर खवले धरतात. पक्ष्मांच्या मुळाभोवती नळीसारखे पारदर्शक वेष्टन दिसल्यास डेमोडेक्सचा विचार करावा. यावर लोटिलानेर या औषधाच्या थेंबांना अमेरिकेत 2023 साली मान्यता मिळाली. तथापि ग्रंथींच्या बिघाडात रोजची पापण्यांची निगा हाच सर्व उपचारांचा पाया राहिला आहे.

रुग्णाचा दिनक्रम

स्वच्छ फडके सहन होईल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे आणि निवताच पुन्हा भिजवावे. हा मृदू स्वेद होय. त्यानंतर वरची पापणी वरून खाली व खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलक्या बोटाने चोळावी, म्हणजे वितळलेला स्नेह बाहेर येतो. शेवटी उकळून निवविलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने कड पुसावी. दोन्ही डोळ्यांस वेगळा बोळा घ्यावा. उफाळलेल्या अवस्थेत हे दिवसातून दोनदा व शांत अवस्थेत एकदा करावे. फरक दिसण्यास काही आठवडे लागतात, हे रुग्णास आधीच सांगावे. शेतातून आल्यावर उपरण्याने वा पदराने डोळे चोळण्याची सवय मोडावी.

शोथ व दाह असता शार्ङ्गधरोक्त बिडालक उपयोगी पडतो. ज्येष्ठमध, गेरू, सैंधव, दारुहळद व रसांजन समभाग, पाण्यात वाटून, पक्ष्मे सोडून पापणीच्या बाहेरून लावावे. स्राव व चिकटा असताना तर्पण करू नये. डोक्यात कोंडा असल्यास त्याची चिकित्सा केल्यावाचून पापण्या निर्मळ होत नाहीत. मलावष्टंभ असल्यास मृदू अनुलोमन, रात्रजागरण व अति आंबट-तिखटाचा त्याग, ही पथ्ये सांगावीत. लवंग उगाळून लावणे, डोळ्यात मध वा दूध घालणे हे घरगुती उपाय मात्र थांबवावेत.

औषधविक्रेत्यांनी लक्षात घेण्याजोगे

या व्याधीतील खरा धोका पापणीपेक्षा त्यावरील उतावीळ उपचारांत आहे. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी दोन दिवसांत लाली उतरते. मग रुग्ण तीच बाटली वर्षानुवर्षे चिठ्ठीवाचून मागत राहतो. त्यातून मोतीबिंदू होऊ शकतो. नेत्राभ्यंतराचा दाब वाढून काचबिंदू झाल्यास गेलेली दृष्टी परत येत नाही. ही औषधे परिशिष्ट ‘एच’ मधील आहेत. रिकामी बाटली दाखवणे म्हणजे चिठ्ठी नव्हे, हे विक्रेत्याने नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

आपल्या कल्पांबाबतही तेवढीच सावधता हवी. डोळ्यात घालावयाचे कोणतेही औषध निर्जंतुकच असले पाहिजे. वाटपासाठी दवाखान्यात भरून ठेवलेला त्रिफळा क्वाथ दुसऱ्या दिवशी जंतूंचे माहेरघर ठरतो. बाजारातील पुष्कळ सुरम्यांत शिसे असते, म्हणून लहान मुलांसाठी तो मुळीच देऊ नये. क्रिमिग्रंथीवरील ग्रंथोक्त रसक्रियेत तुत्थ आहे आणि ते परिशिष्ट ‘ई-1’ मधील विषद्रव्य आहे. असा कल्प शालाक्यतज्ज्ञाच्या हातीच असावा.

केव्हा पाठवावे

दृष्टी मंदावणे, तीव्र वेदना, प्रकाश असह्य होणे, पक्ष्मे आत वळून बुबुळाला टोचणे, ही चिन्हे असल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. उतारवयात एकाच पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येणे वा तेथील पक्ष्मे झडणे हे तैलग्रंथींच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. आपल्या देशात पापणीच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आहे. अशी गाठ लगण समजून लेप देत बसणे जिवावर बेतू शकते.

‘कायमचे जाईल’ असे आश्वासन दिले, की पुढच्या उद्रेकाला रुग्ण वैद्य बदलतो आणि अखेरीस स्टेरॉइडच्या बाटलीपाशी थांबतो. ‘जाणार नाही, पण रोज दहा मिनिटे दिलीत तर त्रास देणार नाही’ असे पहिल्याच दिवशी सांगितले, तर तो टिकून राहतो. टेकू वैद्याने दाखवावा आणि रोज सांभाळावा रुग्णाने. या व्याधीत उभयतांचे कर्तव्य इतके स्पष्ट आहे.