तळ कुणाचा, शेजारी कोण

सकाळी 6. मे महिन्यात लष्कर भागातलं माझं शोभेच्या माशांचं दुकान याहून उशिरा उघडून चालत नाही. ग्वाल्हेरचा पारा 45 च्या आसपास जातो आणि पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. दाटीच्या टाकीतले मासे पहाटेच वर येऊन तोंड मारायला लागतात. आधी थर्मामीटर, मग एअर पंप, मग स्पंज. बदलायचं पाणी रात्रीच घरातल्या ड्रममध्ये भरून, अँटीक्लोरीन घालून ठेवलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी या दिवसांत माशांना देण्यासारखं नसतंच.

7.30. मोठ्या टाकीत फूटभर वाढलेला सकर कॅटफिश आहे, कुणीतरी आणून दिलेला. कॅटफिश आपल्याला नवे नाहीत. शिवडा, शिंगाळा, मागूर हे सगळे कॅटफिशच. सकर मात्र दक्षिण अमेरिकेचा. अंगावर हाडांची चिलखतं आणि कल्ल्यांमागच्या परांना जाड काटे. घाबरला की तो हे काटे ताठ करून अडकवून ठेवतो. म्हणून त्याला जाळीने धरायचं नाही. काटा जाळीत गुंततो आणि सोडवताना पर फाटतो. मी टब बुडवून त्याला पाण्यासकट उचलते.

11 ते 4 गिऱ्हाईक तुरळक. खाद्य, बल्ब, एखादा हवेचा दगड.

संध्याकाळी 5. शिंदे की छावणीत एका काकांच्या घरी. 4 फुटी टाकी, रुंदी दीड फूट, उंची तेवढीच.

“ताई, हा आला तेव्हा बोटाएवढा होता. काच साफ ठेवेल म्हणून घेतला. आता ते लाकूड त्याचं एकट्याचं. धाकट्या सकरला फिरकू देत नाही.”

धाकट्याचा पाठीवरचा पर कडेने कुरतडलेला होता. पण मला जास्त काळजी गोल्ड फिशची वाटली. तिच्या कुशीवर फिकट, गोलसर चट्टे होते. रुंद अंगाचा संथ मासा रात्री स्थिर असतो आणि भुकेला सकर त्याला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. तो थर गेला की जखम चिघळते. काकांना हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. शेवाळावर सकरचं पोट भरतं असंच सगळे सांगतात. एवढ्या माशाला शेवाळ पुरत नाही. रात्री दिवा मालवल्यावर तळाशी बुडणारे दाणे आणि काकडीची फोड द्यावी लागते.

“काका, टाकीत अडीचशे लिटर पाणी आहे, पण यांच्यासाठी पाणी नाही मोजायचं, तळ मोजायचा. तुमचा तळ 6 चौरस फूट. त्यात असा एकच राहू शकतो.”

“मग याच्याबरोबर ठेवायचं तरी काय?”

मधल्या थरात पोहणारे, चपळ, त्याच्या लाकडाशी देणंघेणं नसलेले मासे. काकांची झाडं प्लास्टिकची असल्यामुळे मी सिल्व्हर डॉलर सुचवले. खरी असती तर त्यांनी ती फस्त केली असती. तेही थवाच हवा, एकटा सिल्व्हर डॉलर बुजून कोपऱ्यात बसतो. पाच पुरेत, त्यावर एकही नको. टिनफॉइल बार्ब काकांना आवडला होता, पण तोही फूटभर वाढतो. त्याला 6 फुटी टाकी हवी. गोल्ड फिश आणि धाकटा सकर मी बरोबर घेतले. नवे मासे सोडताना काय करायचं तेही सांगितलं: आधी सकरला खायला घाला, लाकूड जागचं हलवा, दोन्ही तोंडं उघडी असलेला पीव्हीसी पाइप टाका, दिवा बंद करा आणि मगच पिशवी सोडा. मांडणी बदलली की जुनी हद्द मोडते आणि नव्यांना बस्तान बसवायला वेळ मिळतो.

रात्री 8. एक तरुण रेड टेल कॅटफिश मागायला आला. घरी ऑस्कर आहेत म्हणाला, “ते तर मोठेच असतात ना?” ऑस्कर फूटभर होतो. रेड टेल मीटरच्या वर जातो, त्याचं तोंड डोक्याच्या रुंदीएवढं उघडतं, आणि तोंडात मावेल ते तो रात्री गिळतो. आज शेजारी शोभणारा ऑस्कर पुढे त्याचं जेवण होतो. सकर ठेवला तर गिळताना काटा घशात अडकून दोघंही जातात. शेजारी निवडायचा तो मासा किती होणार हे पाहून. आज दुकानात किती दिसतो यावर नाही. घरगुती टाकीत रेड टेलला जोडीदार नाही, जागाही नाही. मी तो विकत नाही आणि मागवूनही देत नाही. तो तरुण नाराज होऊन गेला. दुसरीकडे घेईल कदाचित, याचं मला खरंच वाईट वाटतं.

10 वाजता शटर. त्याआधी एक विनंती, ग्वाल्हेरात टाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाला. वाढलेला सकर तिघरा धरणात किंवा सागरतालात सोडू नका. असेच सोडलेले सकर गंगेत सापडले आहेत आणि तिघऱ्याच्या सांक नदीचं पाणीही शेवटी यमुनेतच जातं. दुकानात आणून द्या, मी पैसे न घेता ठेवून घेते.